मुकादमाचा गुलाब

पीठ दळायला म्हणून अंबिका त्या गल्लीत शिरली. एरवी तिकडे जायचं तिला काही कारण नव्हतं. घराजवळची, इंद्रलोकमधली नेहमीची चक्की दोन दिवस बंद होती आणि जावयाला, निकेतला, डॉक्टरांनी भाकरीच खायला सांगितलं होतं. म्हणून डिसेंबरातल्या एका सकाळी पाच किलो ज्वारीची पिशवी घेऊन ती गोडदेव नाक्याच्या मागच्या बाजूला आली. दोन्हीकडे सात-सात मजली इमारती, मध्ये स्कूटर जाईल एवढी वाट, वर वायरींचं जाळं. चक्की कुठे आहे हे ती एका भाजीवाल्याला हिंदीत विचारत होती, आणि विचारता विचारताच थांबली.

"आगे से लेफ्ट, आंटी," भाजीवाला म्हणाला. ती हललीच नाही.

कुठून तरी गुलाबाचा वास येत होता. अत्तराचा नाही, उदबत्तीचा नाही. हारवाल्याच्या टोपलीतल्या गुलाबांना तर हल्ली वासच नसतो. हा जरा तुरट, जरा सायीसारखा, ऊन लागायच्या आधीच्या फुलाचा वास होता. डोक्याला काही आठवायच्या आत तिची बोटं गार पडली, जणू हातात पाण्याचा पत्र्याचा डबा आहे आणि फ्रॉकची पुढची बाजू भिजलीय.

बासष्टाव्या वर्षी माणसाला असं होतं, रक्तदाब बघायला हवा, असं ती स्वतःशी म्हणाली. पण पाय वासाच्या मागेच गेले. दोन इमारतींच्या मध्ये एक बैठं कौलारू घर उरलं होतं. पुढे हातभर रुंद ओटा, ओट्याच्या कडेला मातीची चिंचोळी पट्टी, आणि त्या मातीतून मनगटाएवढ्या जाड खोडाचा गुलाबाचा वेल निघून भिंतीवरून कौलांवर गेला होता. तिथेही न थांबता शेजारच्या इमारतीच्या पाइपला धरून तो थेट दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचला होता. फुलं फिकट गुलाबी, मध्ये किंचित पिवळसर, आणि जडपणाने मान खाली घातलेली. खालून बघणाऱ्याला त्यांचे चेहरे दिसावेत अशी.

ओट्यावर एक म्हातारी सुकट निवडत बसली होती. जाड भिंगाचा चष्मा, काष्ट्याचं लुगडं.

"काय गो, काय बघतंस?" तिनं विचारलं. "फुला तोडू नको हां. सगली येतान तोडाया."

"तोडत नाही हो," अंबिका म्हणाली. "आजी, हा गुलाब कुठून आणला तुम्ही?"

"आनलेला न्हाय. आलेला हाय." म्हातारीनं चष्मा वर केला. "राईच्या मिठागरावून. मुकादमानं आनला."

अंबिकेनं पिशवी ओट्यावर टेकवली. "कुठला मुकादम?"

"रामनाथ मुकादम. तुला कसा ठाव असनार? मेल्याला तीस वरसा झाली त्याला."

"आजी," अंबिका म्हणाली, "मी त्यांची मुलगी."

म्हातारीनं सुकटाचं सूप बाजूला सारलं. चष्मा नाकावर नीट बसवून तिनं अंबिकेचं तोंड न्याहाळलं. मग म्हणाली, "पानी घालनारी? अंबी?"

त्या नावानं तिला गेल्या कित्येक वर्षांत कोणी हाक मारली नव्हती.

*

अंबिकेचे वडील रामनाथ भाईंदर पश्चिमेला, राई गावाच्या पलीकडच्या एका मिठागरावर मुकादम होते. मिठागराच्या बांधावर एक चौकी होती, दोन खोल्यांची. तिथेच त्यांचं घर. समोर नजर जाईल तिथवर पाण्याचे चौकोनी वाफे, उन्हाळ्यात त्यांच्या काठाला पांढऱ्या राशी, आणि वारा असा, की वाळत घातलेल्या कपड्यांवरसुद्धा मीठ बसायचं. आईनं तिथे तुळस लावून पाहिली, ती जळली. मिरची लावली, तीही जळली. "या जागी दगड तेवढा उगवेल," असं ती म्हणायची.

मग एक तपासणीचे साहेब बदली होऊन गेले आणि जाताना त्यांच्या टेंटमागची एक कुंडी तशीच राहिली. कुंडीत वीतभर काडी. रामनाथनी ती उचलून आणली. चौकीच्या मागच्या भिंतीशी, वारा कमी लागेल अशा कोपऱ्यात, त्यांनी छातीइतका खोल खड्डा खणला. तळाला शिंपल्यांचा आणि विटांच्या तुकड्यांचा थर घातला, खालचं खारं पाणी वर चढू नये म्हणून. राईच्या भातशेतातली माती पाट्यांनी वाहून आणली. आठ दिवस रोज संध्याकाळी माणूस डोक्यावर माती आणतोय, आणि कशासाठी, तर एका काडीसाठी. कामगार हसायचे. रामनाथ काही बोलायचे नाहीत. ते तसेही फारसं बोलत नसत.

काडीला पानं फुटली, पण पानांच्या कडा करपायला लागल्या. रामनाथनी दोन दिवस निरखून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी अंबीला हाक मारली. "रोज आंघोळ झाली की एक डबा गोडं पाणी घ्यायचं आणि पानं धुवायची. वरून ओतायचं नाही. एकेक पान."

गोडं पाणी राईच्या विहिरीवरून हंड्यानं यायचं. "माणसांना प्यायला पुरत नाही, आणि तुम्ही झाडाला न्हाऊ घाला," असं आई करवादायची. पण अंबी रोज पानं धुवायची. पाच वर्षांची होती तेव्हा खालची, दहा वर्षांची झाली तेव्हा स्टुलावर चढून वरची. वेल भिंत चढला, काथ्यानं बांधत बांधत कौलांवर गेला. बाबा फांद्या सरळ वर जाऊ द्यायचे नाहीत, आडव्या वाकवून बांधायचे. आडवी बांधली की फांदीच्या प्रत्येक सांध्याला फूल येतं, हे त्यांना कोणी शिकवलं होतं कोण जाणे. थंडीत सगळी मागची भिंत फुलांनी भरायची. मिठाच्या गाड्या भरायला येणारे ड्रायव्हर वाकडी वाट करून ती भिंत बघून जायचे. अंबी शाळेत जाताना वेणीत एक फूल घालायची, आणि राईच्या शाळेतल्या मुली तिला हुंगायला जवळ यायच्या.

ती दहावीत असताना मिठागर बंद झालं. मालकांचे आपसात काहीतरी वाद होते, कामगारांना ते कोणी नीट सांगितलं नाही. चौकी महिन्याभरात रिकामी करायची होती. भाईंदर स्टेशनजवळच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर एक खोली मिळाली.

निघायच्या आदल्या दिवशी अंबी शाळेतून आली, तर मागची भिंत उघडी होती. जमिनीवर फांद्यांचा खच पडलेला, कळ्यांसकट, पानांसकट. त्या सकाळीच तिनं ती पानं धुतली होती. मुळाच्या जागी मोकळा खड्डा.

"बाबा, गुलाब?"

रामनाथ कोयता धूत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "काढून टाकला. चाळीत कुठे लावणार?"

"मग इथेच राहू द्यायचा होता!"

"इथे पाणी कोण घालणार?"

एवढंच. अंबी महिनाभर बापाशी बोलली नाही. पुढे बोलायला लागली, पण आतला राग गेला नाही. तीन वर्षांनी लग्न होऊन ती नागोठण्याला गेली. तिथे शाळेत शिकवलं, मुलगी वाढवली, नवऱ्याचं आजारपण काढलं. बाबा गेले तेव्हा रडलीही. पण मनातल्या मनात त्यांचं चित्र आलं की ते त्याच रूपात यायचं, खाली मान घालून कोयता धुणारे. नवरा गेल्यावर दोन वर्षांपूर्वी ती मुलीकडे, रीमाकडे, इंद्रलोकला राहायला आली. गोडदेवच्या त्या गल्लीपासून तिचं घर चालत पंधरा मिनिटांवर होतं.

*

"काढून टाकला?" म्हातारी म्हणाली. तिचं नाव जिजाबाई. तिचा नवरा दत्ताराम रामनाथच्याच हाताखाली मिठागरावर होता, हे अंबिकेला आता अंधुक आठवलं. उंच, काळा, सतत खोकणारा माणूस. "गो येडे, काढून टाकाया कोन गोनपाट भिजवल? माज्या घोवाला बोलला, दत्ता, तुज्या घरी माती हाय, माज्या चालीत न्हाय. मुळाला गोनपाट गुंडाललेला, नि हातगारीवं घालून दोघा जना राईवून हितं आलं, चालत. रेलवेचा फाटक बंद व्हता तर तास उभं व्हतं. भिजं गोनपाट सुकाया लागला, तर तुज्या बापसानं आंगातला सदरा काढला नि वल्ला करून वर घातला."

"पण फांद्या सगळ्या..."

"कापाया लागतान. वर एवरा पसारा ठेवला तर मुळाला झेपल का? दोन हात ठेवला, बाकी छाटला. तवा जगला."

अंबिका ओट्यावर बसली. गल्लीतून एक स्कूटर हॉर्न वाजवत गेली.

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

जिजाबाईनं पदरानं चष्मा पुसला. "मी पन इचारला. आठ म्हयने नुसता दांडका व्हता गो. पान न्हाय, काय न्हाय. तो बोलायचा, आता सांगितला नि मेला, तर पोरगी दोनदा रडल. जगला तर सांगीन." तिनं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "जगला. पन फूल याया दोन वरसा गेली. तवर तुजा लगीन ठरला."

"त्यानंतर तरी?"

"नंतर बोलायचा, ती तिकडं रमलीय, आता जुना कशाला उकरू. मी बोलली, अरं सांग. तो गप. तसाच व्हता तो. तुला ठाव हाय."

मिठागरानंतर रामनाथ भांड्यांच्या एका कारखान्यात वॉचमन होते, हे अंबिकेला माहीत होतं. सुट्टीच्या दिवशी ते सकाळी घरातून निघायचे आणि दुपारी यायचे. आई म्हणायची, पत्ते खेळायला जातात. ते इथे येत होते. दर आठवड्याला, सतरा-अठरा वर्षं. येऊन डबाभर पाणी मागायचे आणि पानं धुवायचे. गोडदेवला काही तसा खारा वारा नव्हता, जिजाबाई त्यांना म्हणायचीही, "मुकादम, हितं कशाला धुतंस?" ते म्हणायचे, "सवय आहे त्याला."

"तुज्या लग्नाला पन फुला नेली त्यानं," जिजाबाई म्हणाली. "पयल्या बहराची. वल्ल्या फडक्यात बांधून. तुला दिली आसतील ना?"

अंबिका आठवत राहिली. लग्नाचा मांडव आठवला, उकाडा आठवला, बँडवाल्याची फाटकी टोपी आठवली. फुलं काही आठवेनात. "हो, दिली असतील," ती म्हणाली.

त्या दिवशी दळण राहूनच गेलं. संध्याकाळी तिनं रीमाच्या कपाटातून आपल्या लग्नाचा जुना अल्बम काढला. काळ्या-पांढऱ्या फोटोंत बाबा एकाच फोटोत होते, कडेला, अर्धे कापलेले. सदऱ्याच्या खिशात काहीतरी पांढरट दिसत होतं. रुमाल असेल, फूल असेल. तिनं फोटो खिडकीशी नेला, चष्मा बदलून पाहिला, मोबाइलवर मोठा करून पाहिला. काही नक्की कळेना.

"आई, काय शोधतेयस?" रीमानं विचारलं.

"काही नाही गं," असं म्हणत तिनं अल्बम मिटला. मग पुन्हा उघडला आणि लेकीला सगळं सांगितलं.

*

जिजाबाईचं घर पाडणार होते. मुलानं बिल्डरशी करार केला होता. नवी इमारत होईपर्यंत त्यांना मिरा रोडला, पूनम सागरमध्ये भाड्याच्या फ्लॅटवर राहायचं होतं. अंबिका आता एक दिवसाआड गोडदेवला जायला लागली. वेलाच्या काड्या कापून तिनं अकरा कुंड्यांत लावल्या. पहिल्या आठवड्यात हिरव्या दिसल्या, दुसऱ्या आठवड्यात एकेक करून काळ्या पडल्या. अकराच्या अकरा.

"काडीवं येत न्हाय तो," जिजाबाई म्हणाली. "माज्या सुनेनं किती केल्या. फांदी वाकवून मातीत दाबून ठेवाची, तीन म्हयन्यात मुळा फुटतान."

पण तीन महिने नव्हते. घर एप्रिलमध्ये रिकामं करायचं ठरलं होतं, ते फेब्रुवारीवर आलं. एके दिवशी अंबिका गेली, तर घरातलं सामान बांधून ओट्यावर होतं.

"परवा निगतो आमी," जिजाबाई म्हणाली. वेलाकडे तिनं पाहिलं नाही.

अंबिका तडक घरी आली आणि सोसायटीच्या सेक्रेटरींकडे, धनेशभाईंकडे गेली. त्यांचा फ्लॅट तळमजल्यावरच, समोरचा. तिला इमारतीच्या मागे मीटर रूमजवळची मातीची पट्टी हवी होती. तिथे तुटक्या टाइल्स आणि एक जुना कमोड पडलेला होता.

"आंटी, गुलाब में काँटे होते हैं," धनेशभाई म्हणाले. "बच्चे खेलते हैं. कल किसी को लगा, तो मेरे को सुनायेंगे."

"मीटर रूमके पीछे कौन खेलता है, भाई?"

"गमले में रखो ना."

"गमले में नहीं आयेगा. साठ साल का है."

धनेशभाईंना ती गंमत करतेय असं वाटलं. त्यांची बायको हिना मागे उभी राहून ऐकत होती. "साठ साल?" ती म्हणाली. "गुलाब?" मग अंबिकेनं आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगायला सुरुवात केली. मिठागर, चौकी, हातगाडी, सदरा. सांगता सांगता मराठीवर आली, तरी हिना ऐकतच राहिली. शेवटी ती नवऱ्याला गुजरातीत काहीतरी म्हणाली. धनेशभाईंनी हात वर केले. "ठीक छे. लेकिन वो कमोड आप हटाओगे."

दुसऱ्या दिवशी निकेतनं सुट्टी टाकली. तो, एक माळी आणि अंबिका असे तिघं गोडदेवला पोचले तेव्हा आठ वाजले होते. वेलाला त्या मोसमातली शेवटची फुलं होती, शंभराच्या वर. माळ्यानं वर बघितलं. "ये सब काटना पडेगा, माताजी."

"माहीत आहे. कोयता दे इकडे."

"आई, तो करेल ना," निकेत म्हणाला.

"नाही. मी करते."

पहिली फांदी तिनं पाइपवरून सोडवली आणि कापली. फांदी कळ्यांसकट खाली पडली. मग दुसरी. हातावर ओरखडे उठले, एक काटा अंगठ्यात मोडला. अर्ध्या तासानं ओटाभर फांद्यांचा खच पडला होता आणि सगळ्या गल्लीत तो वास इतका दाटला होता, की वरच्या खिडक्यांतून बायका डोकावून बघत होत्या. अंबिकेनं खाली बघितलं. खच तोच होता. फक्त कोयता तिच्या हातात होता. बाबांनी वर का पाहिलं नसेल, ते तिला आत्ता, सत्तेचाळीस वर्षांनी कळलं. वर पाहिलं असतं तर त्यांना बोलावं लागलं असतं, आणि त्या क्षणी बोलता आलंच नसतं.

जिजाबाई आतून आली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "दोन हात ठेव," ती म्हणाली. "वाईच जास्ती ठेवलास तरी चालंल."

मूळ खणायला तीन तास लागले. एक जाड मूळ घराच्या जोत्याखाली गेलं होतं, ते तोडावंच लागलं. ते तुटताना झालेला आवाज अंबिकेला नंतरही ऐकू यायचा. ओलं गोणपाट गुंडाळून त्यांनी ते टेम्पोत घातलं. पडलेली फुलं शेजारच्या बायकांनी ओंजळी भरभरून नेली. उरलेली जिजाबाईनं एका पातेल्यात भरून घेतली. पूनम सागरला पहिल्या दिवशी देवाला घालायची म्हणाली.

*

त्यानंतर मीटर रूमच्या मागे दोन हातांचा एक दांडका उभा राहिला.

अंबिकेनं सगळं बापासारखं केलं. तळाला विटांचे तुकडे, वर चांगली माती, शेणखत. टँकरचं पाणी कधी खारट यायचं, म्हणून हिनानं सांगितलं, "हमारे एसी का पानी लो ना, एकदम साफ." मार्चपासून धनेशभाईंच्या एसीच्या नळीखाली एक बादली लागली. अंबिका रोज ते पाणी दांडक्याला घालायची. वर हिरवी जाळी बांधली. एप्रिल गेला, मे गेला. दांडक्याची साल वरून सुकत आली. येणारे-जाणारे विचारायचे, "ये क्या लगाया है?" ती म्हणायची, "गुलाब." ते मान हलवून जायचे.

जिजाबाईचा दर रविवारी फोन यायचा. मुलाच्या मोबाइलवरून, कानाला उलटा धरून, ओरडत. "फुटला का गो?"

"अजून नाही, आजी."

"वाट बघ. माज्याकडं आठ म्हयने लागलेलं."

एकदा रीमानं घाबरत घाबरत विचारलं, "आई, मेलं का गं ते?" तेव्हा अंबिका तिच्यावर जोरात ओरडली. मग तिलाच वाईट वाटलं. ती म्हणाली, "मला माहीत नाही, रीमा. कोणी विचारलं की माझ्या छातीत धडधडतं. म्हणून विचारू नका."

जुलैत तिनं नखानं साल खरवडून पाहिली. वर तपकिरी, आणि खाली अगदी बुंध्याशी, जेमतेम तांदळाएवढी हिरवी रेघ. तिनं ती कोणालाच दाखवली नाही. ऑगस्टच्या शेवटी, गणपती आठवड्यावर आलेले असताना, बुंध्यापासून चार बोटं वर एक लालसर टोक बाहेर आलं. पहिल्या दिवशी तिला तो मुंगळा वाटला. दुसऱ्या दिवशी तो तिथेच होता. तिसऱ्या दिवशी त्याला दोन पानं दिसली, आणि अंबिका मीटर रूमच्या मागे, तुटक्या टाइल्सच्या ढिगावर बसून हमसून हमसून रडली. हिना धावत आली. तिला वाटलं, कोणी गेलं.

"नहीं, नहीं," अंबिका म्हणाली. "आया है. देखो."

रविवारची वाट न बघता तिनं जिजाबाईला फोन लावला.

त्या मोसमात फूल येईल असं तिला वाटलंच नव्हतं. पण फेब्रुवारीत, डोक्याएवढ्या उंच गेलेल्या फांदीला तीन कळ्या आल्या. दोन गळल्या. तिसरी उमलायला लागली, तेव्हा निकेत रिक्षा करून पूनम सागरला गेला आणि जिजाबाईला घेऊन आला. ती आता काठी घेऊन चालत होती, डोळ्यांनी जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. तिला हाताला धरून मीटर रूमच्या मागे नेलं, खुर्ची दिली. अंबिकेनं फांदी हलकेच वाकवून फूल तिच्या नाकापाशी आणलं.

जिजाबाईनं डोळे मिटले. बराच वेळ हुंगलं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, हिनासुद्धा, धनेशभाईसुद्धा.

"वास हाय," ती म्हणाली. "पन अर्धा हाय."

"अर्धा?"

"मासलीचा पानी घाल गो. मासली धुतलेला पानी. मी रोज घालाची."

अंबिकेनं धनेशभाईंकडे पाहिलं. ते कांदा-लसूणही न खाणारे. त्यांना मराठी बेताचंच कळायचं, पण एवढं कळलं. "नहीं हाँ, आंटी," ते म्हणाले. "वो नहीं चलेगा." हिना तोंडाला ओढणी लावून हसायला लागली. मग धनेशभाईही हसले, पण मान नकारार्थीच हलवत.

मग जिजाबाईला घरात आणून चहा दिला. जिजाबाईनं बशीत ओतून घेतला, फुंकर मारली, आणि फ्लॅटमध्ये करमत नाही, लिफ्टमध्ये गरगरतं, शेजारी कोणी दार उघडत नाही, असं सगळं सांगून टाकलं. मग एकदम म्हणाली, "माज्या घोवानं मना त्या मिठागरावं कंदी नेला न्हाय. बोलायचा, बायांचा तिथं काय काम? आन तुजा बापूस तं मुकाच. एवरी वरसा त्याचा गुलाब सांबालला, पन जागा बघितली न्हाय. कशी व्हती गो?"

"चौकी?"

"सगला. सकालपासना सांग."

अंबिकेनं कप खाली ठेवला. "उठल्या उठल्या आधी पायांना थंडी लागायची," ती म्हणाली. "कारण दाराच्या फटीतून वारा यायचा, आणि बाबा माझ्या आधीच उठून बांधावर गेलेले असायचे..."

आत स्वयंपाकघरात रीमानं गॅस बंद केला, आणि ओले हात पुसत तीही येऊन बसली.